सहावा जोड

"पायांनी भार घेतला, म्हणून हात मोकळे झाले."

जोडेवालीचं हे वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं. गिऱ्हाईक दारात लंगडत आलं की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, तोंडाकडे नंतर, आणि जमिनीवर कागद पसरता पसरता हे वाक्य म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई काहीतरी धीराचं बोलते आहे. जुनं गिऱ्हाईक पुढचं स्वतःच म्हणून टाकायचं, "म्हणून आधी पायांचं बघा."

दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली. साध्या पायांचे जोडे बाजारात ढिगाने मिळतात. इथे यायची ती बाजाराने परत पाठवलेली माणसं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. अशा प्रत्येकाचे दोन पाय ती आधी लाकडात घडवायची. त्या लाकडी पायांना फर्मे म्हणतात. फर्म्यावर कातडं ओढून शिवायचं. फर्मा जितका खरा तितका जोडा सुखाचा. एका भिंतीवर सगळे फर्मे जोडीजोडीने टांगलेले, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण: टपालवाली, पाववाला, टेकडीवरच्या आजी, मास्तर. जी माणसं गेली त्यांचे फर्मे ती चुलीत घालत नसे. माळ्यावर वरच्या फळीत ठेवून देई. "आयुष्यभर उभे राहिले," म्हणायची, "आता बसू दे त्यांना."

खिडकीशी तिचं उंच टेबल, त्याला लाकूड पकडायचा शिकंजा बसवलेला. दाराशी तिच्या नवऱ्याचं बुटकं स्टूल. नवरा ताडमाड उंच, सडपातळ, मानेने लांब. त्या स्टुलावर बसला की त्याचे गुडघे कानांशी यायचे. गल्लीने त्याचं नाव बगळा ठेवलं होतं, आणि त्यानेही ते कुरकुर न करता घेतलं होतं. ही हकिकत तिची आहे. पण ती सगळी पाहिली बगळ्याने, म्हणून त्याच्या स्टुलाशी बसूनच ती सांगितलेली बरी.

तिच्या वडिलांच्या हाताखाली तो शिवायला आला तेव्हा त्याला वाटलं होतं, आपला टाका म्हणजे टाका. आठ दिवसांनी वडील म्हणाले, "पोरी, याला जरा दाखव." मुलगी आली, खाली बसली, तिने आरी उचलली आणि त्याला जेवढं शिवायला दिवस लागत होता तेवढं दुपारच्या आत शिवून हातात दिलं. टाके असे की जणू कातड्यालाच ते उगवलेत. मग ती उठून पुन्हा तिच्या लाकडाकडे गेली. बगळा त्या टाक्यांकडे बराच वेळ बघत बसला. पुढे त्यांचं लग्न झालं ते यानंतर दोन वर्षांनी, पण बगळ्याच्या लेखी ते त्याच दुपारी ठरलं होतं.

लग्नानंतर वडील गेले आणि दुकान दोघांवर आलं. समोरच इस्त्रीवालीचं दुकान. दिवसभर तिची इस्त्री चाले आणि त्याच तालात तिचं तोंडही.

"भावजी," ती एकदा तिकडून म्हणाली, "ताईला लाकूड तासता येतं. ताईला कातडं कापता येतं. ताई शिवतेही तुमच्यापेक्षा भराभर. मग तुम्ही काय, दुकानाची शोभा?"

"शोभेचाच आहे मी," बगळा म्हणाला, "तुम्ही बघत बसता ना दिवसभर."

उत्तर दिलं खरं, पण बोल आत रुतला. बायको मामाकडे चार दिवस गेली होती, तेवढ्यात याने लाकडाचा एक ठोकळा घेतला आणि टेबलाशी उभा राहिला. चार दिवस तासलं. तळहाताची साल गेली. ती परत आली तेव्हा ते दोन फर्मे त्याने कातड्याच्या ढिगाखाली लपवले होते. तिला ते पाच मिनिटांत सापडले.

तिने ते खिडकीशी नेऊन उजेडात धरले. "कुणाचे पाय हे?"

"पाववाल्याचे."

"पाववाल्याला कळवलंय का?" ती म्हणाली. "हा पाय नाही हो, बटाटा आहे. दोन बटाटे."

मग त्याचा चेहरा बघून ती हसायची थांबली. खाली जमिनीवर बसली, डबीतले खिळे काढले आणि त्याच्यासमोर मांडायला लागली. उस्तादाची मुलगी होती; दुकानात असताना तोही तिला उस्तादच म्हणायचा.

"एका जोडाचे फर्मे घडवायला मला एक दिवस लागतो. तुम्हाला?"

"चार."

"चार दिवस, आणि वर बटाटे. राहू दे, फर्मे धरू. शिवायला मला अर्धा दिवस. तुम्हाला?"

"एक."

"म्हणजे दोन्हीत मी पुढे. हे तर इस्त्रीवालीलाही दिसतं. आता मोजा. मी एकटीने सगळं केलं तर सहा दिवसांत किती जोड?"

बगळ्याने बोटं मोडली. "चार."

"तुम्ही एकट्याने सगळं केलंत तर?"

"एक. आणि एक दिवस उरतो. त्यात पाव बटाटा."

"दोघांचे मिळून पाच." तिने पाच खिळे एका ओळीत ठेवले. "आता मी नुसतं लाकूड करते. तुम्ही नुसतं शिवता. सहा दिवसांत माझे सहा जोड फर्मे. तुमची सहा शिवणं. किती झाले?"

"सहा."

तिने सहावा खिळा शेवटी ठेवला आणि त्याच्यावर बोट टेकलं. "हा कुठून आला?"

बगळा त्या खिळ्याकडे बघत राहिला. माणसं तीच, हात तेच, दिवसही सहाच.

"मी आणला नाही, तुम्हीही आणला नाहीत," ती म्हणाली. "मी भराभर शिवते हे खरं. पण मी शिवायला बसले की त्या अर्ध्या दिवसात माझा अर्धा फर्मा बुडतो. तुम्ही दिवसभर शिवता तेव्हा काय बुडतं?"

"पाव बटाटा."

"मग बुडू दे की. जगाला त्याची गरज नाही." तिने तो सहावा खिळा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "सहावा जो असतो ना, तो माणूस नाहीतर आठवडाभर अनवाणी वाट बघत बसला असता. तो तुमच्यामुळे चालतो. आता जा, इस्त्रीवालीला सांगा शोभा म्हणून."

तेव्हापासून शनिवारी जो जोड पुरा होई त्याला ते दोघं सहावा जोड म्हणत. तो जास्त जपून चकाकवत. खिळा बगळ्याने स्टुलाच्या पायात ठोकून ठेवला. बटाटे तिने फेकू दिले नाहीत. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक या बाजूला, एक त्या बाजूला.

आता तिचं ते वाक्य कुठून आलं तेही सांगायला हवं. ते मास्तरांमुळे आलं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. लहानपणीच्या आजाराने त्यांचा डावा पाय चार बोटं आखूड राहिला होता, आणि वर्गात शिरताना ते नेहमी दाराच्या चौकटीला हात लावून शिरत. जोडेवालीने पहिला जोड दिला त्या दिवशी ते चौकटीला हात न लावता वर्गात गेले. मुलांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. मास्तरांच्या आलं. ते संध्याकाळी मुद्दाम सांगायला आले, आणि मग येतच राहिले.

ती त्यांचं माप घेत असताना ते बोलत. एकदा म्हणाले, "पोरी, एका ठिकाणी राखेत पावलं उमटलेली सापडली आहेत. छत्तीस लाख वर्षांपूर्वीची. ज्वालामुखीची राख पडली होती, ती भिजली, आणि तिच्यावरून दोन पायांवर कुणीतरी चालत गेलं. त्यांची डोकी लहान होती, आपल्यासारखा मेंदू अजून यायचा होता. पण पाऊल बघशील तर आपलंच. टाच, चवडा, अंगठा पुढे."

"किती जण होते?" तिने विचारलं.

"दोघं तरी. शेजारी शेजारी."

"म्हणजे आधी पाय शहाणे झाले, मग डोकं."

"तसंच म्हण. पण ते उभे का राहिले हे नक्की कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं लांब चालायला सोपं पडलं, कुणी म्हणतं खाणं आणि पोरं हातात धरून नेता आली. एवढं खरं की चालण्यातून हात सुटले. आणि त्याची किंमतही आपण देतो. पाठ दुखते, गुडघे जातात, बायांना बाळंतपण जड जातं. चार पायांचं जनावर सहसा पडत नाही. उभं राहिलं तेच पडतं."

तिची पेन्सिल थांबली. "मास्तर, तेव्हा हातांनाही चालता येतच होतं ना?"

"येत होतं."

"मग हा पहिला सौदा. पाय म्हणाले, चालणं सगळं आमच्याकडे द्या, तुम्हाला येत असलं तरी. तुम्ही दुसरं काहीतरी बघा. आणि बघा, हातांनी काय काय केलं. पायांनी भार घेतला, म्हणून हात मोकळे झाले." तिने मान वळवून दाराकडे पाहिलं, जिथे बगळा दोरा दातांत धरून शिवत होता. "आमचं दुकान त्याच सौद्यावर चाललंय."

मास्तर बगळ्याला म्हणाले, "तीस वर्षं हा धडा शिकवतो आहे. ही एका वाक्यात सांगते."

"मला रोज सांगते," बगळा म्हणाला. "फी घेत नाही."

अशी बावीस वर्षं गेली. एक मुलगी झाली, मोठी झाली, दूरच्या गावी नोकरीला लागली. जोडेवालीचे केस कानांपाशी पांढरे झाले. टेबलाशी उभं राहून राहून तिच्या उजव्या टाचेखाली फरशी झिजली होती. कानस हाताने चालत नाही, टाचेने चालते, असं ती म्हणे. जोर टाचेतून निघतो, कंबरेतून वर येतो आणि मनगटाशी जाऊन लाकडाला लागतो.

मग एका सकाळी ती माळ्यावरून लाकूड काढायला शिडी चढली. उतरताना दोन्ही काखांत दोन ठोकळे. बगळा खाली चार हात लांब बसला होता, दातांत दोरा. शिडीची पायरी फिरली ती त्याने पाहिली. दोरा थुंकून हाक मारेपर्यंत ती खाली आली होती. दोन्ही हात भरलेले. धरायला तिच्याकडे काही नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात सळई घातली. लेक येऊन पंधरा दिवस राहून गेली. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड छान जुळलंय. पाय दीड बोट आखूड राहील, त्याला इलाज नाही. पण चाला. आजपासून चाला."

इस्पितळाच्या लांब वऱ्हांड्यात ती वॉकर धरून उभी राहिली. दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला शरीर आखूड बाजूला कललं आणि ती फरशीवर बसली. बाकावर दहा-बारा माणसं होती, त्यात टपालवाली. टपालवाली धावत आली, पायात जोडेवालीनेच केलेले जोडे. "ताई, मी धरते," म्हणाली. जोडेवालीने तिच्या जोड्यांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर उभं राहण्याचा विषय निघाला की ती म्हणे, "उद्या."

काम तर थांबवता येत नव्हतं. म्हणून खुर्ची दुकानात आली आणि जागा बदलल्या. ती बसून शिवायला लागली. बगळा टेबलाशी उभा राहिला. फर्मे तासायला त्याला अजूनही चारच दिवस लागत, बावीस वर्षांत त्यात एका तासाची घट नव्हती. फक्त आता बटाट्याला बोटं आली होती. ती अर्ध्या दिवसात शिवून मोकळी होई आणि मग साडेतीन दिवस मांडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसे. सहा दिवसांत दीड जोड. भिंतीवरचे फर्मे तसेच टांगलेले, पण पाय बदलतात. कुणाची सूज वाढते, कुणाची बोटं आणखी वळतात, आणि नवा फर्मा लागतोच. मास्तरांच्या जोड्यांचा तळ झिजून पार कागद झाला होता. त्यांनी निरोप पाठवला, "घाई नाही. मी घरातच आहे." म्हणजे ते बाहेर पडत नव्हते.

हे सगळं बगळ्याने सोसलं असतं. पण एक गोष्ट त्याला सोसवेना. दारात गिऱ्हाईक आलं, कागद पसरला, आणि जोडेवाली काहीच बोलली नाही. गिऱ्हाईकाने तिची वाट पाहिली. शेवटी तेच चाचरत म्हणालं, "पायांनी भार घेतला..." तिने सुईत दोरा ओवला. पुढचं कुणीच म्हटलं नाही.

आता ही उठली नाही तर कधीच उठणार नाही, हे बगळ्याला त्या दिवशी कळलं. हाड जुळलं होतं. जे जुळलं नव्हतं ते त्याला माहीत होतं. आयुष्यभर जिने लोकांच्या लंगडण्याला जोडे केले, तिला स्वतःचं लंगडणं लोकांसमोर न्यायचं नव्हतं.

त्याने ठरवलं, हिच्यासाठी जोड करायचा. दीड बोट उंच तळाचा. तिला न सांगता.

दुपारी जेवण झालं की तिला खुर्चीतच डुलकी लागे, पाय समोरच्या चौरंगावर ठेवलेले. बगळ्याने कागदाची पट्टी घेतली, श्वास धरला आणि मापं घेतली. चवडा, कमान, घोटा, टाच. दोन दुपारी लागल्या. फर्मे तासायला सहा दिवस घेतले, मागच्या खोलीत, तिला सांगितलं टेकडीवरच्या आजींचे आहेत. मग रात्री, ती निजल्यावर, शिवलं. असे टाके त्याने जन्मात घातले नव्हते. लग्नाआधीची ती दुपार डोळ्यांपुढे ठेवून त्याने एकेक टाका घातला.

नवव्या दिवशी त्याने जोड तिच्या मांडीवर ठेवला.

तिने तो उलटा केला, सुलटा केला. आत दोन बोटं घालून शिवण चाचपली. उंच तळावरून अंगठा फिरवला. टाक्यांवर तिचं बोट थांबलं ते त्याने पाहिलं. मग तिने पाय घातला. पाय आत गेला जसा हात स्वतःच्या खिशात जातो. बगळ्याला आपली मान आणखी लांब झाल्यासारखी वाटली.

तिने पाऊल जमिनीला लावलं. खुर्चीच्या हाताला धरून जरासा, अगदी जरासा भार दिला. लगेच कळवळून मागे टेकली.

"अहो," ती म्हणाली, "माप कधी घेतलंत?"

"दुपारी."

"मी काय करत होते?"

बगळ्याने नऊ दिवस मनाआड ठेवलं होतं ते समोर आलं. उभा पाय पसरतो. भार आला की कमान खाली येते, चवडा रुंद होतो, बोटं पुढे सरकतात. म्हणून तर माप नेहमी गिऱ्हाईकाला उभं करूनच घ्यायचं. या दुकानात शिकायला आलेल्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगतात ती ही.

"झोपली होतीस," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. तो घाबरला, त्याला वाटलं रडते आहे. ती हसत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"झोपलेल्या बाईचा जोडा शिवलात. आता मी रोज झोपेत चालत जाऊ की काय?" ती म्हणाली. "एवढी वर्षं माझ्या शेजारी बसून. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर तुम्हाला जावई केलं नसतं हो."

"माहीत होतं गं मला," बगळा म्हणाला. "उभं राहा म्हणायची हिंमत झाली नाही."

हसू थांबलं. रस्त्यावरून एक सायकल गेली. समोर इस्त्री फिरत होती, तिचा आवाज येत होता.

"कागद आणा," जोडेवाली म्हणाली.

"आत्ता?"

"असला चुकीचा जोड या दुकानातून कधी गेलेला नाही. कागद आणा, पेन्सिल आणा. आणि खाली बसा."

त्याने जमिनीवर कागद पसरला आणि गुडघ्यांवर बसला. वडील गेल्यापासून इथे नेहमी तीच बसत आली होती. हजारो माणसांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून या कागदावर उभं राहून माप दिलं होतं. आता तिचा हात बगळ्याच्या खांद्यावर आला. आधी नुसती बोटं. मग तळहात. मग सगळा भार. तो एवढा असतो हे त्याला माहीत नव्हतं. खांदा खाली गेला तसा त्याने तो पुन्हा वर रेटला, आणि ती उभी राहिली.

पाय थरथरत होता. कागदाची कड वाजत होती.

"पेन्सिल उभी धरा. तिरकी नको, माप आत जातं."

"धरली."

"टाचेकडून सुरू करा. घाई नको."

"तुला दुखतंय का?"

"दुखतंय. तुम्ही टाचेकडे बघा."

पेन्सिल टाचेकडून निघाली, कमानीत शिरली, चवड्याला वळसा घालून बोटांवरून फिरली. बगळ्याने डाव्या हाताच्या पाठीने डोळे पुसले, उजवा हात हलू दिला नाही.

"झालं," तो म्हणाला. "बस आता."

"दुसरा पाय?"

"तो राहू दे, तो तर धड आहे."

"जोड एका पायाचा असतो का?"

त्याने दुसऱ्या पायाचीही रेघ काढली. ती तोपर्यंत उभी होती. समोर इस्त्रीवालीची इस्त्री थांबली होती. ती आपल्या दारात आली होती आणि तिच्या मागे कुणाचा तरी सदरा पोळल्याचा वास येत होता.

त्या दिवसापासून जागा पुन्हा बदलल्या. बगळ्याने कातडं कापायच्या रापीने तो चुकीचा जोडा कडेला चिरला आणि चिरेत कातड्याची पट्टी शिवून त्याला पसरट केलं. दिसायला वाईट, पण उभं राहण्यापुरता चालला. तो घालून ती टेबलाशी उभी राहिली. पहिल्या दिवशी शंभर अंक मोजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोनशे. स्वतःचे फर्मे तिने अकरा दिवसांत पुरे केले, जिला एक दिवस पुरायचा तिने. तिसऱ्या दिवशी बगळा म्हणाला, "मी जरा तासू लागू का? तू थकतेस."

"अकरा दिवसही तुमच्या बटाट्यापेक्षा बरे," ती कानशीवरून मान न उचलता म्हणाली. "तुम्ही शिवा. मी उभी आहे."

तिचा जोड झाला. त्यानंतर तिने मास्तरांचे फर्मे हातात घेतले. मास्तरांचं नवं माप घ्यायला बगळाच त्यांच्या घरी जाऊन आला. उभं करून घेतलं माप, हे त्याने दारातूनच ओरडून सांगितलं. शनिवारी सकाळी तो जोड पुरा झाला. आठवड्यात तेवढाच एक. डाव्याचा तळ चार बोटांचा, काळं कातडं, दोन्ही चकाकवलेले.

"या आठवड्याचा पहिला," बगळा म्हणाला.

"पहिला नाही, सहावाच," ती म्हणाली. "आणा इकडे. मी देऊन येते."

मास्तरांचं घर गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे. अडीचशे पावलं असतील. तो काठी घेऊन आला.

"काठी धरली तर जोड कुठल्या हातात धरू?" तिने विचारलं. एका हातात डावा, एका हातात उजवा घेतला होता.

"मी येतो बरोबर."

"तुम्ही आलात तर पाववाल्याचं कोण शिवणार?" ती उंबरठ्याशी थांबली. बाहेर बघून हलकेच, जणू दारात आलेल्या एखाद्या गिऱ्हाईकाला सांगावं तसं, म्हणाली, "पायांनी भार घेतला, म्हणून हात मोकळे झाले."

आणि उतरली.

पायरीला एक खांदा खाली गेला, पुन्हा वर आला. ती लंगडत होती. थोडंसं, पण कुणालाही दिसेल असं. पाववाला पाट्या मांडता मांडता थांबला. तिने त्याच्याकडे मान हलवली आणि पुढे गेली. इस्त्रीवाली इस्त्री हवेत धरून उभी होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "शिवा आता. ताई बघते आहे मागे वळून."

ती बघत नव्हती. बगळा स्टुलावर बसला, गुडघे कानांशी, आरी हातात, दोरा दातांत, आणि त्याने एकही टाका घातला नाही. दोन्ही हातांत मास्तरांचे पाय धरून त्याची बायको टाकीपाशी पोचली, वळणावर क्षणभर थांबली, श्वास घेतला, आणि कशालाही न धरता वळली.